तान्ह्या बाळांचे इसब आणि घरची शुश्रूषा

बाळाच्या काही दुखण्यांत जिवाला धोका नसतो, तरीही साऱ्या घराची झोप उडते. इसब हे त्यांपैकी एक. दिवसा हसणारे-खेळणारे मूल रात्री दिवा मालवताच गाल उशीवर घासू लागते, इवल्या नखांनी स्वतःला ओरबाडते, आणि पहाटे दुपट्यावर रक्ताचे ठिपके दिसतात. आईचे जागरण तर होतेच, पण त्याहून अधिक तिला बोचतो तो भोवतालचा प्रश्न : "बाळंतपणात काय खाल्लंस गं?" इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या घरांत हा प्रश्न अजूनही विचारला जातो. त्याचे सरळ उत्तर द्यावे, आणि बाळाला घरच्या घरी आराम कसा देता येईल ते क्रमाने सांगावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

नावांचा घोटाळा

आपण मंडळी दोन-दोन, तीन-तीन भाषांत वावरतो. त्यामुळे या रोगाच्या बाबतीत प्रथम नावाचाच घोटाळा होतो. बेळगावकडे कानडीतही इसबाला 'इसबु' म्हणतात, तेव्हा तेथे अडचण नाही. बडोद्यास मात्र गुजराती शेजारीण बाळाकडे पाहून 'खरजवुं' म्हणते. तो शब्द इसबाचाच. परंतु आपल्या आजीबाईंच्या कानास तो 'खरूज' असा ऐकू येतो, आणि लगेच बाळाचे अंथरूण-पांघरूण निराळे होते, भावंडांना त्याच्यापासून दूर ठेवले जाते. माळव्यात औषधाच्या दुकानी जाऊन 'दाद-खाज की क्रीम' मागितली जाते. 'दाद' म्हणजे आपला नायटा किंवा गजकर्ण. तेव्हा रोग एक आणि मलम दुसऱ्याच रोगाचे, असा प्रकार होतो.

हे तिन्ही विकार वेगळे आहेत. खरूज अतिसूक्ष्म किड्यांमुळे होते व एकाची दुसऱ्यास लागते; बोटांच्या बेचक्यांत, आणि तान्ह्या बाळाच्या तळहात-तळपायांवरही पुरळ येते, व घरातील इतर माणसांनाही रात्री खाज सुटते. नायटा बुरशीमुळे होतो. त्याची कड उठून दिसते व मध्यभाग निवळत जातो. इसब हे किड्याचेही नव्हे आणि बुरशीचेही नव्हे. ते स्पर्शाने लागत नाही. इसब झालेल्या बाळाला भावंडांनी खुशाल कडेवर घ्यावे, आजीने कुशीत निजवावे.

हे होते तरी कशाने?

बालवयात जे इसब प्रामुख्याने आढळते, त्यास डॉक्टर 'ॲटॉपिक डर्मटायटिस' म्हणतात. बहुधा दुसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास गालांवर, कपाळावर, डोक्याच्या त्वचेवर ते प्रथम दिसते. मग हातापायांच्या बाहेरच्या बाजूंवर उतरते. लंगोटाखालचा भाग मात्र सहसा मोकळा राहतो. मूल दोन वर्षांचे झाले की कोपरांच्या व गुडघ्यांच्या वळ्या, मनगटे, घोटे आणि मान या जागा ते धरते. इंग्रजी पुस्तकांतून लाल चट्ट्यांची वर्णने असतात. आपल्या सावळ्या वर्णावर मात्र तो लालपणा फारसा उमटत नाही. चट्टा तपकिरी, जांभळट किंवा राखी दिसतो आणि हाताला खरखरीत लागतो. म्हणून डोळ्यांपेक्षा हाताच्या स्पर्शावर अधिक विसंबावे. इसब बरे झाल्यावर त्या जागी काही आठवडे वा महिने फिकट डाग राहतो. तो पाहून कित्येक घरांत कोडाची धास्ती घेतली जाते. इसबाचा डाग फिकट असतो, पण कोडासारखा शुभ्र नसतो, व त्वचा शांत राहिली तर हळूहळू मूळ वर्ण परत येतो. शंका वाटल्यास डॉक्टरांस दाखवावे. मनात भय धरून बसू नये.

कारणांविषयी एक महत्त्वाचा शोध २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. त्वचेचा वरचा थर घट्ट बांधलेला राहावा म्हणून शरीर 'फिलॅग्रिन' नावाचे एक प्रथिन तयार करते. काही जणांच्या जनुकांत जन्मतःच असा फरक असतो, की हे प्रथिन पुरेसे तयार होत नाही. मग विटांच्या भिंतीतील चुना झिजावा तशी त्वचेची स्थिती होते : आतील ओलावा बाहेर निसटतो, आणि बाहेरील साबण, धूळ, जंतू आत शिरतात. त्वचा चिडते, खाज सुटते. खाजवल्याने भिंत आणखी ढासळते. इसब असलेल्या प्रत्येकाच्या जनुकांत हा दोष सापडतो असे नाही, परंतु घरात दमा, शिंकांचा त्रास किंवा इसब असेल तर बाळालाही होण्याचा संभव वाढतो, हे निश्चित.

आईच्या खाण्याचा दोष येथे कोठेच बसत नाही. इंग्लंडमध्ये तेराशेहून अधिक बाळांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्यांच्या घराण्यात असे विकार आहेत अशा निम्म्या बाळांना पहिले वर्षभर रोज स्निग्ध मलम लावले; तरीही त्यांतील इसबाचे प्रमाण घटले नाही. अर्थात इसब झाल्यावर मलमाचा उपयोग होतो, पण ते होऊच नये एवढी काळजी घेणे कोणत्याही मातेच्या हाती नव्हते.

स्नान

रोज अंघोळ घालावी की नाही, याविषयी घरोघर मतभेद असतात. रोज घालण्यास हरकत नाही. मात्र पाणी कोमट असावे आणि पाच ते दहा मिनिटांत स्नान उरकावे. बाळंतघरातील कढत पाण्याचा शेक इसबाच्या बाळाला सोसत नाही. गरम पाण्याने त्वचेवरील स्निग्धांश धुऊन जातो व खाज भडकते. साधा वडीचा साबण अल्कधर्मी असतो आणि त्वचा किंचित आम्लधर्मी; म्हणून साबण शक्यतो टाळावा. मळलेल्या भागांपुरते डॉक्टरांनी सुचविलेले सौम्य, बिनवासाचे क्षालनद्रव्य वापरावे.

स्नानाच्या पाण्यात घालावयाची महागडी तेले दुकानात मिळतात. ब्रिटनमध्ये ४८३ मुलांवर वर्षभर प्रयोग करून २०१८ साली असे दिसून आले, की अंगाला मलम लावले जात असेल तर पाण्यात तेल घातल्याने अधिक लाभ होत नाही. तो पैसा वाचवावा. बोअरच्या जड पाण्यालाही पुष्कळ वेळा दोष दिला जातो. परंतु इसब असलेल्या ३३६ मुलांच्या घरी पाणी मृदू करणारे यंत्र बसवून पाहिले, तेव्हाही, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, इसबात फरक पडला नाही. म्हणून केवळ बाळाच्या इसबापायी नळाच्या, बोअरच्या पाण्याची चिंता करीत बसू नये.

अंघोळीनंतर अंग खसाखसा पुसू नये. मऊ पंचाने नुसते टिपून घ्यावे, आणि त्वचा दमट आहे तोवरच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मलम लावावे. तो ओलावा मलमाखाली कोंडला जातो. साऱ्या शुश्रूषेत ही एक गोष्ट नेमाने झाली, तरी बाळाच्या रात्रीत फरक पडतो.

तेल, उटणे आणि धुरी

आता जरा नाजूक विषय. बाळाला न्हाऊ-माखू घालण्याची आपली रीत जुनी आणि मायेची आहे. परगावी आलेल्या आपल्या कुटुंबांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. निरोगी त्वचेच्या बाळाला त्यातील बरेचसे सोसते. इसबाच्या बाळासाठी मात्र तिच्यात निवड करावी लागेल.

डाळीचे पीठ, दुधाची साय व हळद यांचे उटणे चोळणे प्रथम बंद करावे. चोळण्याने त्वचा सोलवटते, हा एक तोटा. दुसरा तोटा अधिक खोल आहे. फाटलेल्या त्वचेतून खाद्यपदार्थांची प्रथिने आत गेली, तर शरीर त्यांना शत्रू समजू लागते व पुढे तोच पदार्थ खाल्ल्यावर वावडे उद्भवू शकते, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. याच कारणासाठी शेंगदाण्याचे तेलही अशा त्वचेस लावू नये.

ग्वाल्हेरकडे मोहरीच्या तेलाने मालीश करतात. उंदरांवरील प्रयोगांत या तेलाने त्वचेची भिंत सावरण्यास विलंब झाला, असे २००२ साली नोंदले गेले. ऑलिव्ह तेलाचाही आता बराच बोलबाला आहे. पण २०१३ मध्ये प्रौढ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात त्याने त्वचेचा वरचा थर दुबळा झाला, तर सूर्यफुलाच्या तेलाने तो टिकून राहिला. आपल्या गोव्या-कोकणाच्या मंडळींना एक वार्ता सुखाची वाटेल : फिलिपाईन्समध्ये सौम्य व मध्यम इसब असलेल्या मुलांवर आठ आठवडे झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, न तापवता काढलेले शुद्ध नारळाचे तेल खनिज तेलाहून सरस ठरले. तेव्हा आजीच्या हातचे खोबरेल हलक्या हाताने लावण्यास हरकत नाही. फक्त त्यात कापूर घालू नये. कापूर तान्ह्या बाळाच्या अंगात भिनल्यास झटके येऊ शकतात. बोरिक पावडरही बाळाच्या त्वचेवर घालू नये. तीही विषारी ठरते. वेखंडाची पूड किंवा डब्यातील सुगंधी पावडर श्वासात जाते व त्वचा कोरडी करते. शेगडीवर ओवा-धूप घालून दिलेल्या धुरीने श्वास कोंडतो आणि खाज वाढते. कडुलिंबाचा पाला पाण्यात घालण्याची चाल आहे; त्याने इसब बरे होते याला पुरावा नाही, आणि बाळ चुरचुरीने रडत असेल तर तो थांबवावा.

मलम कोणते, किती?

स्निग्ध मलम हा या शुश्रूषेचा पाया होय. कोणते उत्तम, याचे उत्तर सोपे निघाले. ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल व घट्ट मलम असे चारही प्रकार वापरून पाहिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात एकही प्रकार दुसऱ्याहून अधिक गुणकारी ठरला नाही. जे बाळाला सोसते आणि घराला परवडते, ते उत्तम. सुगंध नसावा, एवढेच पाहावे. साधी पेट्रोलियम जेलीही चालते. माळव्याच्या व ग्वाल्हेरच्या कोरड्या थंडीत घट्ट मलम बरे. वैशाखातील काहिलीत किंवा गोव्याच्या दमट हवेत तेच मलम घाम कोंडून घामोळे आणते, तेव्हा पातळ क्रीम वापरावे.

प्रमाणाच्या बाबतीत आपण कंजूषपणा करतो. कानाकोपऱ्याला बोट लावल्याने काही साधत नाही. इंग्लंडमधील 'नाइस' या संस्थेच्या २००७ सालच्या मार्गदर्शनानुसार इसबाच्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम स्निग्ध मलम द्यावे. तान्ह्या, लहानखुऱ्या बाळाला त्याहून कमी पुरेल. पण तीस ग्रॅमची नळी महिनाभर पुरत असेल, तर मलम लावले जात नाही असे समजावे. दिवसातून निदान दोनदा, चट्टे असोत वा नसोत, सर्वांगाला केसांच्या दिशेने हलकेच लावावे. डब्यात हात घालण्याऐवजी स्वच्छ चमच्याने काढून घ्यावे.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. मलमाने माखलेली झबली व दुपटी लवकर पेट घेतात. देवघरातील समई, औक्षणाचे निरांजन, स्वयंपाकघरातील शेगडी यांपासून अशा बाळाला व त्याच्या कपड्यांना दूर ठेवावे.

वस्त्रे आणि नखे

आजीच्या मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचे दुपटे आणि सुती झबले ही आपली जुनी सोय इसबाच्या बाळाला फार मानवते. रेशमी औषधी कपडे म्हणून काही महाग वस्त्रे विकली जातात. ३०० मुलांवर झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांपासून लाभ आढळला नाही. थंडीत लोकरीचा स्वेटर घालावाच लागतो, पण आत सुती, लांब बाह्यांचे झबले असावे; लोकर अंगाला टोचू देऊ नये. एकावर एक चार पांघरुणे घालून बाळाला घामाघूम करू नये. उष्णतेने खाज वाढते. कपडे धुतल्यावर साबणाचा अंश राहणार नाही इतके खळबळावेत. नखे वरचेवर कापावीत, आणि रात्री हातांना पातळ सुती मोजे घालावेत.

आहार

वांगे, तूरडाळ, आंबट, दूध—बाळाचे इसब दिसले की बाळंतिणीच्या ताटातून एकेक पदार्थ उचलला जातो. अंगावर पाजणाऱ्या आईची अशी उपासमार करण्यास काही आधार नाही. स्तनपान चालूच ठेवावे. मोजक्या बाळांना अंडे, गाईचे दूध वा शेंगदाणा यांचे खरे वावडे असते. तो पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठणे, ओठ-डोळे सुजणे, उलटी होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने तपास करावा. स्वतः अंदाजाने दूध-अंडी तोडून बाळाची वाढ खुंटवू नये.

उलट, लंडनमधील ६४० बाळांच्या एका गाजलेल्या चाचणीने २०१५ साली जुनी समजूतच पालटली. ज्यांना तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे होते अशा चार ते अकरा महिन्यांच्या बाळांपैकी काहींना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, काहींना दिले नाहीत. पाचव्या वर्षी, खाणाऱ्या मुलांत शेंगदाण्याचे वावडे सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या घरी दाण्याचे कूट रोजचेच. तरीही तीव्र इसब असलेल्या बाळाला ते प्रथम देण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, बारीक वाटून पातळ करूनच द्यावे, आणि पाच वर्षांखालील मुलाच्या हाती अख्खा दाणा कधीही देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो.

स्टेरॉइडचे भय आणि दुरुपयोग

केवळ स्निग्ध मलमाने चट्टे शमत नसतील, तर डॉक्टर सौम्य स्टेरॉइड मलम देतात. अमेरिकेतील सुल्झबर्गर व विटन यांनी १९५२ साली त्वचेवर लावण्याच्या हायड्रोकॉर्टिसोनचे गुण प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे औषध वापरात आहे. याच्या बाबतीत आपल्या घरांत दोन टोके दिसतात. काही माता 'स्टेरॉइड' हा शब्द ऐकूनच मलम कपाटात ठेवून देतात, आणि मूल तळमळत राहते. सांगितलेल्या प्रमाणात, सांगितलेले दिवस, चट्ट्यांपुरते लावलेले सौम्य मलम बाळाला धोक्याचे नसते. प्रमाण मोजण्याची रीतही सोपी आहे : नळीतून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी लांब रेघ काढली, की सुमारे अर्धा ग्रॅम मलम होते, ते त्याच माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेस पुरते.

दुसरे टोक अधिक घातक. औषधाच्या दुकानात 'खाजेचे मलम' मागताच अनेकदा जी नळी हाती येते, तिच्यात अतितीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक व जंतुनाशक यांचे मिश्रण असते. चार दिवसांत बाळाचे गाल लख्ख होतात, शेजारणीही तेच मलम नेतात. परंतु पुढे त्वचा पातळ होते, औषध थांबवताच चट्टे दुणावतात. लंगोटाच्या बंद जागेतून ते अंगात अधिक भिनते, व दीर्घकाळ लावल्यास वाढीवरही परिणाम होऊ शकतो. केंद्र सरकारने २०१८ साली अनेक स्टेरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशी बांधली आहे. तो नियम आपल्याच लेकरांसाठी आहे, हे जाणून चिठ्ठीवाचून ते घेऊ नये. 'संपूर्ण वनौषधी' म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या डब्यांवरही विश्वास टाकू नये. बर्मिंगहॅममध्ये इसबाच्या मुलांना लावल्या जाणाऱ्या अशा २४ मलमांची तपासणी झाली, तेव्हा २० मलमांत स्टेरॉइड सापडले. हा वृत्तान्त २००३ सालचा आहे.

तीव्र इसबासाठी आता इतरही औषधे आहेत. काही मलमे स्टेरॉइडरहित असतात. इंजेक्शनाने द्यावयाचे डुपिलुमॅब हे औषध अमेरिकेत २०२२ पासून सहा महिन्यांवरील बालकांसाठीही मान्य झाले आहे. ही सर्व तज्ज्ञांच्या देखरेखीखालील बाब आहे.

डॉक्टरांकडे केव्हा धाव घ्यावी?

चट्ट्यांतून पाणी वा पू येणे, पिवळी खपली धरणे, ताप येणे ही जंतुसंसर्गाची चिन्हे असून अशा वेळी विलंब करू नये. ज्वर असून चट्ट्यांवर एकसारख्या लहान, वेदनायुक्त फोडांचे घोस उमटले आणि ते फुटून खळगे पडू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ओठांवर ताप उतरून फोड येतात, त्यांचाच विषाणू इसबाच्या त्वचेवर असा पसरतो. म्हणून ओठांवर फोड असलेल्या मंडळींनी, मग ते आजोबा का असेनात, बाळाचा पापा घेऊ नये.

खासगी तज्ज्ञ परवडत नसेल तर इंदूरचे महाराजा यशवंतराव, ग्वाल्हेरचे जयारोग्य, बडोद्याचे सयाजीराव ही वैद्यकीय महाविद्यालयांची सार्वजनिक रुग्णालये आहेत. त्यांच्या त्वचाविभागात दाखवावे. जाताना आजवर लावलेली प्रत्येक नळी, डबी आणि पुडी बरोबर न्यावी. डॉक्टरांचे निम्मे काम त्याने सोपे होते.

बहुसंख्य मुलांचे इसब शाळेच्या वयापर्यंत किंवा त्यानंतर बरेच निवळते. काहींचे मोठेपणीही डोकावत राहते. ते एका औषधाने कायमचे जाईल असे वचन देणाऱ्याकडे पाठ फिरवावी. तोवर मलम रोज लागले पाहिजे, आणि ते एकट्या आईच्याच माथी मारू नये. संध्याकाळचे मलम बाबांनी लावावे, रात्री एक प्रहर आजीने बाळाला मांडीवर घ्यावे. ज्या घरात आईला चार तास सलग झोप मिळते, त्या घरातील बाळाच्या इसबाची शुश्रूषाही अधिक नेमाने होते, असे आम्ही आमच्या वाचक कुटुंबांना आग्रहाने सांगू इच्छितो.